मेलेल्या हिरोचे सहा हजार टॉवेल

शुक्रवारी सकाळी साडेदहाला मुंबईहून फोन आला की रेड हेरॉन मेला. तेव्हा आमच्या बारा लूमवर त्याचे दोन हजार शंभर टॉवेल विणून झाले होते. ऑर्डर सहा हजारांची होती.

फोन रिया मॅडमचा होता. त्यांची कंपनी लहान मुलांचे टॉवेल दुकानांना पुरवते. रेड हेरॉन हा परदेशी कॉमिक्समधला हिरो. लाल पोशाख, पांढरे पंख. त्याचं चित्र वापरायचा परवाना त्यांच्याकडे, विणायचं काम आमच्याकडे. हेरॉन म्हणजे बगळा, म्हणून आमच्या शेडमध्ये त्याला सगळे बगळा म्हणतात.

रिया मॅडमचं म्हणणं असं, की नव्या अंकात तो मेला. त्याच्या जागी त्याची शिष्या आली आणि तिचा पोशाख राखाडी-पिवळा आहे. आता लाल टॉवेल कोण घेणार? तेव्हा उरलेले सगळे राखाडी-पिवळ्यात करा.

"तुमचं जकार्ड तर कॉम्प्युटरवर आहे ना? फक्त फाइल चेंज करायची."

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात एकवीस वर्षं प्लॅनिंग बघते, आणि हे वाक्य मी बऱ्याच वेळा ऐकलं आहे. जकार्ड म्हणजे लूमवर बसवलेलं यंत्र. कुठला धागा कधी वर उचलायचा हे ते ठरवतं, त्यातून चित्र उमटतं. पूर्वी त्याला भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं लागत, आता पेनड्राइव्ह लागतो. त्यामुळे बगळ्याची चोच लांब करायची असेल तर अर्धा तास पुरतो. रंगाचं तसं नाही. टॉवेलवर जे लूप, म्हणजे धाग्याचे बारीक फासे, असतात त्यांचा रंग उभ्या धाग्यात असतो. हे धागे आधी रंगवून, हजारोंनी ओळीत लावून एका मोठ्या रुळावर गुंडाळतात. त्याला बीम म्हणतात. रंग बदलायचा तर चालू बीम कापून उतरवायचं, सूत रंगवून आणायचं, नवं बीम भरायचं आणि एकेक धागा सांधायचा. याला नऊ दिवस लागतात. तेवढे दिवस लूम बंद. आमच्या विणकरांना महिन्याचा पगार नसतो, जेवढं विणलं तेवढी मजुरी. म्हणजे बारा लूम बंद तर बारा घरं बंद.

मी फोन ठेवला आणि शेडकडे निघाले. तेवढ्यात रिया मॅडमनी आमच्या मालकांनाही फोन केला होता. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णा निर्णय पटकन घेतात. त्यांनी जॉबरला, म्हणजे लूमची दुरुस्ती बघणाऱ्या शिवप्पाला, बीम कापायला सांगितलं होतं. सात नंबरचा लूम धागा तुटल्यामुळे उभाच होता, म्हणून शिवप्पाने तिथून सुरुवात केली. ऑफिसपासून शेड दीडशे पावलांवर आहे. मी पोचले तेव्हा सात नंबर कापून झाला होता.

नुसतं कापलं असतं तर पुन्हा सांधता आलं असतं. पण बीम कापताना धाग्यांच्या मधून एक काठी घालून ठेवायची असते, धाग्यांचा क्रम हलू नये म्हणून. शिवप्पाने घाईत ती काढून घेतली होती. हजारो धागे एकमेकांत गेले होते. ते बीम संपलं.

सात नंबरवर व्यंकटेश काम करतो. त्याने डबा उचलून बाजूच्या पोत्यावर ठेवला आणि बसला.

मी अण्णांना म्हटलं, बाकीचे अकरा कापू नका. तो हिरो परत येईल.

"मेलेला माणूस परत येतोय व्हय, सुनंदाबाई?"

"कॉमिक्समध्ये येतो, असं ऐकलंय."

"ऐकलंय म्हंजे किती टक्के?"

अण्णा माणूस चांगला आहे, पण त्यांना माझ्याकडून आकडा ऐकायची सवय मीच लावली आहे. माझ्याकडे आकडा नव्हता. त्यांनी सगळे लूम बंद करायला लावले आणि मला सोमवारपर्यंत मुदत दिली. कापू का चालवू, एवढंच उत्तर द्यायचं. चालवलं आणि माल परत आला तर पुढच्या वेळेला रिया मॅडम दुसरा कारखाना बघतील, हेही त्यांनी सांगितलं. ते मला माहीत होतं.

माझे धाकटे दीर, प्रकाशभाऊजी, कुर्डुवाडीला रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. वय एक्कावन्न. शाळेत असल्यापासून कॉमिक्स जमवतात. रविवारी सकाळच्या गाडीने मी त्यांच्याकडे गेले. दोन लोखंडी ट्रंका, सहाशे चाळीस अंक. आमच्या जाऊबाई म्हणाल्या, तीस वर्षांत ह्या ट्रंका बघायला मुद्दाम कुणी आलेलं हे पहिलंच. मग त्यांनी पोहे केले आणि आम्हाला दोघांना बाहेरच्या खोलीत सोडून दार लावून घेतलं.

मी वही घेऊन गेले होते. रकाने आखले: काय बदललं, कधी बदललं, कधी पूर्ववत झालं. मोठा बदल म्हणजे काय हेही आधी ठरवून घेतलं. मृत्यू, पोशाख बदलणं, शक्ती जाणं, खरं नाव जगाला कळणं, हिरोच्या जागी दुसरा येणं. साध्या भांडणाबिंडणांना धरलं नाही.

भाऊजींना हे फारसं आवडलं नाही. त्यांचं म्हणणं, ह्या वेळचा मृत्यू वेगळा आहे. मुखपृष्ठाला काळी चौकट आहे, लेखकाने हा शेवट आहे असं सांगितलं आहे.

"काळी चौकट याआधी किती वेळा होती, भाऊजी?"

त्यांनी बोटांवर मोजलं. "पाच वेळा."

"त्यातले किती परत आले?"

"पाच."

मग ते म्हणाले, नववीत असताना पहिल्यांदा एक हिरो मेला तेव्हा दोन दिवस जेवलो नव्हतो. वर्षाने तो परत आला तेव्हा फसवल्यासारखं वाटलं. तेव्हापासून कुणी मेला की त्या अंकाच्या दोन प्रती घेतो.

"टिकत न्हाई हे मलाबी माहितीय की, वहिनी. पण दर वेळेला वाटतं, आता टिकलं."

दुपारी तीनपर्यंत हिशेब पूर्ण झाला. मोठे बदल एकतीस. त्यातले सत्तावीस उलटले. उरलेल्या चारांपैकी एक टिकला कारण ते कॉमिक्सच बंद पडलं. दोन मृत्यू टिकले, पण ते शेजाऱ्यापाजाऱ्यांचे होते, ज्यांचे टॉवेल कुणी काढत नाही. चौथा जरा वेगळा होता. जागेवर आलेली नवी मुलगी जुना परत आल्यावरही गेली नाही, दोघंही राहिले. हे एका माणसाच्या दोन ट्रंकांतलं चित्र आहे, सगळ्या जगाचं नाही. तरी एकतीसात सत्तावीस हे पुष्कळ झालं.

भाऊजींनी टाळी मागितली. मी दिली नाही, कारण तिसरा रकाना बघत होते. उलटायला लागलेला काळ बहुतेक ठिकाणी दहा ते अठरा महिने होता. आमचा टॉवेल विणून, धुऊन, शिवून, पॅक होऊन दुकानात जातो चार महिन्यांनी. म्हणजे बगळा परत येणार, पण आमचे टॉवेल विकायला लागतील तेव्हा तो मेलेलाच असणार. हा आकडा अण्णांना सांगितला तर ते अकराही बीम कापतील, आणि हिशेबाने त्यांचं चुकणारही नाही.

भाऊजी म्हणाले, शेवटचा रकाना दाखवूच नका. मी म्हटलं, तो दाखवायचा नसेल तर मी आलेच कशाला?

अंक परत ट्रंकेत लावताना मी ते पालथे ठेवत होते, मुखपृष्ठं खराब होऊ नयेत म्हणून. त्यामुळे मागची पानं दिसत होती. मागच्या पानावर जाहिराती असतात. टूथपेस्ट, दप्तर, पाण्याची बाटली. एका अंकात आत हिरोचं प्रेत नेत होते आणि मागच्या पानावर तोच हिरो जुन्या पोशाखात दात घासत होता.

मी सगळे अंक पुन्हा बाहेर काढले. भाऊजींनी हे बघून घेतलं आणि चहा सांगितला. जाऊबाईंनी आतूनच विचारलं, अजून कुणी मेलं का.

बदल चालू असतानाच्या काळातले, मागच्या पानावर हिरोच्या वस्तूची जाहिरात असलेले एकोणीस अंक निघाले. अठरांमध्ये पोशाख जुना. एका ठिकाणी नवा होता, तेही त्या अंकाचंच पोस्टर विकायला. म्हणजे आत काहीही होवो, वस्तूवरचा हिरो मरत नव्हता. भाऊजी बराच वेळ ते दात घासणारं पान बघत राहिले. म्हणाले, इतकी वर्षं मी ही बाजू वाचलीच न्हाई.

सोमवारी मी अठरा पानांचे फोटो रिया मॅडमना पाठवले आणि एकच प्रश्न विचारला. रंग बदलायला परवाना देणाऱ्या कंपनीने सांगितलं आहे का? त्या म्हणाल्या, नाही, ती बातमी त्यांनी स्वतःच मोबाइलवर वाचली होती आणि त्यांना वाटलं की आपण प्रोअ‍ॅक्टिव्ह असावं. मी म्हटलं, विचारून घ्या. चार वाजता उत्तर आलं. टॉवेल, दप्तर, डबा, सगळ्यावर लाल पोशाखच. कॉमिक्सशी त्याचा संबंध नाही.

अण्णांनी वही वरपासून खालपर्यंत बघितली. "मंग हे सगळं मोजलं कशाला? पहिल्यांदाच विचारायचं की तिला."

हे बरोबर होतं. शुक्रवारी साडेदहाला मी तो प्रश्न फोनवरच विचारला असता तर दोन मिनिटांत संपलं असतं. मला तो प्रश्न सुचायला कुर्डुवाडीला जावं लागलं.

मंगळवारी अकरा लूम सुरू झाले. ऑर्डर सहा दिवस उशिरा गेली. माल परत आला नाही. सात नंबरला लाल बीम नव्याने भरून यायला नऊ दिवस लागले. त्या दिवसांची मजुरी व्यंकटेशला द्यावी, असं मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, एकाला दिली तर लूम बंद पडला की दर वेळेला द्यावी लागेल. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

तेरा महिन्यांनी सकाळी भाऊजींचा फोन आला. "वहिनी, आला. समुद्रातनं आला." शिष्याही तिथेच आहे, म्हणाले, गेलेली नाही. माझ्या रकान्यात दोन्ही गोष्टी बसत होत्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

त्या भरात मी शेडमध्ये जाऊन व्यंकटेशला सांगितलं, की बगळा परत आला, आपला अंदाज बरोबर निघाला.

त्याने लूम बंद केला नाही. चालू लूमच्या आवाजात बोलायचं म्हणजे कानाजवळ यावं लागतं. तो आला.

"चांगलं झालं की, मॅडम. माझे नऊ दिवस आले का बघा."

त्यानंतर मी एक नियम केला आहे. परवानावाल्यांचा लेखी कागद माझ्या टेबलावर आल्याशिवाय बीमला कात्री लावायची नाही. अण्णांनी त्यावर सही केली. गोष्टीतला बदल मागे घेता येतो. कापलेलं बीम मागे घेता येत नाही.