मेटाडोरमधली फळी

कळंब, नेरच्या आठवडी बाजारांत बाबा आमच्या मेटाडोरमधून कपडे विकायचे आणि रात्री तिच्यातच झोपायचे. आता त्यांना घेऊन फिरावं म्हणून मी ती आतून नवी करायला घेतली. त्यांची झोपायची फळी काढून उभी धरली, तर माझ्या छातीपर्यंतच आली. बाबा माझ्याहून उंच. उरलेली जागा कपड्यांच्या गठ्ठ्यांची होती. माझं डोकंच फिरलं. माणसापेक्षा गठ्ठे मोठे? मी या पत्र्यापासून त्या पत्र्यापर्यंत पलंग ठोकला, वर जाड गादी टाकली.

"एवढी जागा कायले वाया घातली?" म्हणत बाबा आडवे झाले. गुडघे पोटाशी.

"बाबा, पाय लांब करा ना."

डोळे मिटूनच ते म्हणाले, "केले ना."