महाराजपुरातल्या टाक्यावरचा फेस

सुषमाचा, माझ्या धाकट्या बहिणीचा, जबलपूरहून फोन आला. "दादा, परसातल्या टाक्याला आतून साबणाचा फेस चिकटून राहिला. महालक्ष्म्या बसायच्या आहेत, उद्या टाकं रिकामं करून घासतो."

"हात लावू नको. निघालोच!"

प्राणिशास्त्र मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. जे येतं ते बघून आणि पुन्हा बघून. झाडबेडूक डझनभर पाहिले असतील, पण त्याचं फेसाचं घरटं एकदाही नाही.

नागपूरहून पहाटे निघालात तर पेंचचं जंगल उजाडताना लागतं. चहा-पोहे सिवनीला घ्या. लखनादौनला जबलपूरचा फाटा नीट बघा, नाहीतर नरसिंहपूरला पोचाल. जेवायच्या वेळेला मी जबलपूरच्या महाराजपुरात, सुषमाच्या घरी होतो.

टाकं सिमेंटचं, वर पेरूची सावली. पाण्याच्या वीतभर वर मुठीएवढा पांढरा गोळा, कडेनं तपकिरी पडत चाललेला. मादी मागच्या पायांनी घुसळून हा फेस काढते आणि अंडी आत ठेवते. तीन-चार दिवसांत पिल्लं खाली गळतात. खाली पाणीच हवं.

मादी बाथरूममध्ये सापडली, चुन्याच्या भिंतीवर. झाडावर मातकट दिसणारा हा प्राणी इथं जवळजवळ भिंतीच्याच रंगाचा झाला होता. पाठ गुळगुळीत, डोळ्यामागून कानावर उतरणारी घडी, बोटांच्या टोकांना गोल चकत्या. पाय लांबवला तेव्हा मांडीमागचे पिवळे ठिपके दिसले. ओळख पक्की.

"झाडावरचा म्हणतोस, मग बाथरूममध्ये काहून राहते?" सुषमानं विचारलं.

"ओल आणि सावली. दिवसा एवढंच लागतं."

"मग आमच्या यांच्यासारखंच! पेपर घेऊन तासभर तिथंच."

"चलो जी, आता आमची बारी," भाऊजी हसले.

पण टाक्याचं विचारलं तशी सुषमा तयार होईना. महालक्ष्म्यांचा स्वयंपाक त्याच पाण्यावर होतो, आणि ते अंड्यांचं कसं चालेल? मी बरंच समजावलं. ती पदर खोचून उठली, एवढंच. भाऊजींनी मला बाहेर काढलं. नर्मदेच्या ग्वारीघाटावर नाव घेतली (भाव आधी ठरवा), कमानिया गेटपाशी खव्याची जलेबी खाल्ली. गरमच खावी. मला मात्र चव लागली नाही.

परतलो तर टाकं रिकामं, लख्ख घासलेलं. वाकून पाहिलं. एक भिंत तशीच होती. तिच्यावर फेस, आणि बरोबर खाली, विटांवर, सुषमाचं पितळी गंगाळ, टाक्यातल्याच जुन्या पाण्यानं भरलेलं.

"स्वयंपाकाचं पाणी नळाचं भरून ठेवलं," ती म्हणाली. "बाळंतीण आहे घरात. माहेरी आली समज. तिची जागा कशी हलवू?"

सकाळी चहा घेऊन तिघंही टाक्यावर वाकलो. फेसाचा तळ ओला होऊन लोंबत होता. त्यातून एक थेंब सुटला, गंगाळात पडला, आणि त्या थेंबाला शेपूट होती. मग दुसरा. तिसरा. पडल्या पडल्या प्रत्येकाला पोहता येत होतं. शिकवायला कोणी नव्हतं. भाऊजींचा चहा हातातच गार झाला. ह्याचसाठी इतक्या लांब आलेलो, आणि मी फोटो काढायचा विसरलो. मी!

नागपुरात परत येऊन आठवडा झाला. नैवेद्य छान झाला, असा सुषमाचा फोन होता. गंगाळ अजून पेरूखालीच आहे. पिल्लांना पाय फुटेपर्यंत ती ते कोणाला हलवू देणार नाही.