मनातल्या मनात पाढे

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, तेव्हाची गोष्ट. मोताळ्याजवळच्या आमच्या गावात एकाच मास्तरांची शाळा होती, आणि मुली दोनच: मी आणि माझी मैत्रीण, मास्तरांची लेक. पाढे सांगायचा मान तिचा. ती खणखणीत आवाजात सांगायची आणि मागून आम्ही सगळे बेंबीच्या देठापासून ओरडायचो.

त्या साली तापाच्या साथीत ती गेली. मास्तर पुन्हा शाळेत आले, तेव्हा एका पोरानं सवयीनं पाढा सुरू केला. मास्तरांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "पोट्टेहो, मनातल्या मनात म्हना," एवढंच बोलले. रागावले असते तर परवडलं असतं. त्यांच्या रागाची आम्हाला सवय होती.

मग आम्ही नुसते ओठ हलवायला शिकलो. सुट्टीतही कुजबुजायचो. लहानगी पोरं पाटीपेक्षा मास्तरांच्या चेहऱ्याकडे जास्त बघत आणि उगाच रडकुंडीला येत. गावातल्या आयांना मात्र वाटलं, पोरं सुधारली. धन्य त्या आया!

कपाशी वेचायच्या दिवसांत डिप्टीसाहेब बैलांच्या दमणीतून शाळा तपासायला आले. शेरा वाईट पडला तर मास्तरांची नोकरी जाणार, हे आम्हालाही कळत होतं. साहेबांनी एकोणिसाचा पाढा म्हणायला सांगितला. सगळ्या वर्गाचे ओठ हलले, आवाज कुणाचाच नाही. पोरं थट्टा करताहेत असं वाटून साहेब तापले. मास्तर मान खाली घालून उभे होते, आणि माझ्यानं ते बघवेना. मी उठले आणि माझ्या मैत्रिणीच्याच चालीवर पाढा सांगू लागले. कोंडवाड्याचं दार उघडावं तसा मागून वर्ग उसळला. पाढा संपेपर्यंत साहेबांचा राग निवळला. चांगला शेरा देतो म्हणाले.

साहेबांना पाणी द्यायला मी तांब्या घेऊन दमणीपाशी गेले. मला वाटलं होतं, मास्तर शाबासकी देतील. ते हात जोडून उभे होते, डोळ्यांना धार लागलेली.

"साहेब, मले दुसरीकडं धाडा. ज्याच्या शाळेत एकबी पोरगी नाई, अशा गावात."

मास्तर गेले. नवे मास्तर हसतमुख होते, पाढे मोठ्यानं म्हणवून घ्यायचे. सांगायला मला उभं करायचे, आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नसे.