सोनेरी रेकॉर्डवरचा हार

मी चौथी शिकलेली बाई. अकोल्यात जठारपेठेत आमचं फुलांचं दुकान. करणी, भूतबाधा, अंगात येणं… यातलं मी काही मानत नाही. अंगात येणाऱ्या बायका हार माझ्याकडूनच नेतात, आणि घासाघीस करताना पूर्ण शुद्धीवर असतात. तेव्हा घडलं तेवढंच सांगते. पटेल त्याने घ्यावं.

आमच्या मालकांचा लग्नकार्यात लाउडस्पीकर लावायचा धंदा होता. धंदा गेला, गाण्याचं वेड राहिलं. आता ते खपाच्या तबकड्या जमवतात. म्हणजे पूर्वी एखादी रेकॉर्ड फार खपली की कंपनी सोनेरी मुलाम्याची रेकॉर्ड काचेच्या फ्रेममध्ये बसवून बक्षीस द्यायची. खाली पितळी पट्टी, तिच्यावर गाणाऱ्याचं नाव. ही वाजवायची नाही, नुसती टांगायची.

मी म्हटलं, "वाजत नाई, खाता येत नाई… काहून आनता हे घरात?"

"तुले नाई समजत. कोनाची तरी जन्माची कमाई हाये थे."

मागच्या दिवाळीत अमरावतीच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी एक आणली. वऱ्हाडी गाणी म्हणणाऱ्या कमलबाईंची. कोपऱ्यात बाईंचा फोटोही होता. या एका तबकडीसाठी ते वर्षानुवर्षं फिरले होते. भंगारवाला म्हणाला, बाई केव्हाच वारल्या. आमच्या घरी गेलेल्या माणसाच्या फोटोला दुकानातला ताजा हार रोज चढतो. सासू-सासऱ्यांबरोबर मी कमलबाईंनाही झेंडूचा हार घालू लागले.

सकाळी हार घालून आम्ही दोघं दुकानात जायचो. फोटोंच्या खोलीला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. दुपारी जेवायला यावं तर सासू-सासऱ्यांचे हार जागेवर, आणि कमलबाईंचा खालच्या पेटीवर. तुटून पडला असता तर मी बोललेच नसते. पण गाठ सोडलेली असायची, हार नीट सरळ करून ठेवलेला. माझी गाठ ओल्या दोऱ्याची असते. कापावी लागते, सुटत नाही. खिडकीला जाळी. मांजर म्हणाल, तर गाठ सोडणारं मांजर आणून दाखवा.

रोज तेच. शेवटी मी म्हटलं, "तुमची बाई खरंच मेली हाये का? विचारा बरं."

"मेली म्हनते ना थो भंगारवाला."

"थो म्हनते. बाई काय म्हनते?"

विचारपूस करता करता कळलं… बाई भातकुलीला भाचीकडे आहेत. जित्याजागत्या! आणि मी त्यांच्या फोटोला हार घालत होते. आमच्याकडे याहून मोठा अपशकुन नाही. मी फ्रेम पिशवीत घातली. म्हटलं, चला, त्यांची त्यांना देऊन टाकू. मालकांचं तोंड उतरलं.

"माफी मागू ना. फ्रेम काहून द्याची?"

बसमध्ये पिशवी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही.

कमलबाई खाटेवर बसल्या होत्या. अंगाने वाळलेल्या, आवाज खणखणीत. मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. त्या हसल्या.

"तूच व्हय थे? दिवाईपासून मले वाटे, कोनी गयात वजन टाकून राहिलं. जरा डोया लागला का मी त्याची गाठ सोडत बसो."

त्यांनी हात पुढे केले. बोटांची टोकं पिवळी. झेंडू हाताळून माझी होतात, अगदी तशी.

"हयद असंन," मी म्हटलं.

भाची म्हणाली, "नाई हो काकू. मावशी सैपाकात हात नाई घालत. आन् आमच्या घरात फूल येत नाई."

मालकांनी फ्रेम काढून बाईंच्या हातात दिली. त्या पट्टीवरच्या नावावरून बोट फिरवत राहिल्या.

"कंपनीनं हे आमच्या गान्याच्या पार्टीवाल्याले देलं होतं. मले नुसतं सांगतलं, तुही रेकॉर्ड लय खपली म्हून. आज पाह्यलं." मग फ्रेम परत पुढे केली. "घ्या भाऊ. तुमी सांभायली."

मालकांनी हात पुढे केलाच नाही. भाचीकडून खिळा-हातोडी मागितली, खुर्चीवर चढले आणि खाटेसमोरच्या भिंतीवर स्वतः फ्रेम टांगली.

"सीधी हाये का, बाई?"

"डावीकून उचला जरासं. आन् हार नोका घालू आता!"

परतताना रिकामी पिशवी त्यांनी घडी करून खिशात ठेवली.

गाठ कोण सोडत होतं, बोटं कशाने पिवळी झाली, मला सांगता येत नाही. भुताखेताला मी आजही मानत नाही. पण पोटच्या पोरालाही तबकडीला हात लावू न देणाऱ्या माणसाने सगळ्यात आवडती तबकडी आपल्या हाताने दुसऱ्याच्या भिंतीवर लावली, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. त्याचाही खुलासा माझ्याकडे नाही.