पिवळं झबलं

आमच्याकडे बाळाला पहिलं झबलं नवं घालत नाहीत. एखाद्या गुटगुटीत लेकराचं जुनं मागून आणतात. माझ्या लेकीचं पिवळं झबलं असंच देवळीतल्या कितीतरी घरांत जाऊन आलं. देताना मी प्रत्येकीला बजावायची, "धुऊन परत देजो, मले लागंल." सासूबाई तर ते घरी येईस्तोवर माझ्या मागे लागायच्या.

लेक आता तिसरीत आहे. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाई दर वेळी सांगतात, रिपोर्ट नॉर्मल आहेत, पहिलं झालं तसं दुसरंही होईल. बाकी बायांचं एकच, "एक आहे ना तुले, मंग काऊन जीव जाळून राह्यली?" ऐकलं की डोकंच फिरतं. एक आहे म्हणूनच तर मला ठाऊक आहे, काय मिळत नाहीये ते.

परवा धाकटी जाऊ समुद्रपूरला माहेरी बाळंत झाली. सासूबाई बाळाला बघायला निघाल्या, तेव्हा मी झबलं घडी करून त्यांच्या पिशवीत ठेवलं. परत आणा, असं या वेळी मी म्हटलं नाही. "आणतो वापस," असं त्याही म्हणाल्या नाहीत.