दोन खलाशी आणि शंकरपाळ्यांचा डबा

धामणगाव बढ्याच्या वैजनाथकाकांनी समुद्र उभ्या जन्मात पाहिला नाही, पण संसार केला तो दोन खलाशांच्या जिवावर. जत्रेतल्या तंबू-सिनेमाचं मशीन ते चालवायचे. सिनेमा एकच, तोही मुका. बोटीवरून सुट्टीला उतरलेले दोन खलाशी, एक लंबू, एक ठेंगू, भाड्याची सायकल घेतात आणि अख्ख्या बंदराची वाट लावतात. हवालदार चुन्याच्या पिंपात पडतो, पाववाल्याची गाडी बँडवाल्यांच्या अंगावर जाते, आणि पेरूवालीकडे बघता बघता ठेंगू दर वेळी त्याच खांबावर आपटतो. आवाज काकांचा. मशीनशेजारी भोंगा धरून ते हवालदाराला असं काही बोलायला लावायचे, की बाया तोंडात पदर कोंबून हसायच्या.

गोची झाली ती पहिल्याच वर्षी. बीबी गावच्या जत्रेला निघाले, तेव्हा स्टेशनावर एका लग्नाच्या मंडळींच्या सामानात यांचे डबे मिसळले. खेळ ऐन रंगात असताना काकांनी शेवटच्या रिळाचा डबा उघडला, तर आत शंकरपाळे! तंबूत चारशे माणसं. घ्या आता! काकांनी एक शंकरपाळं तोंडात टाकलं, पडद्यापुढे उडी मारली आणि शेवट स्वतःच नाचून, पडून, रडून दाखवला. शिट्ट्या काय, टाळ्या काय!

रीळ पुढे मिळालंच नाही, आणि माणसाला एकदा टाळीची चटक लागली की तो कशाला थांबतो? गाव तसा शेवट. रोहिणखेडात खलाशी जेलात गेले. धामणगावात त्यांनी वड्यांचं हॉटेल काढलं आणि हवालदार तिथे बश्या विसळायला लागला. बीबीत जत्रेच्या तिसऱ्या दिवशी पहिल्याच रांगेत चांगुणा बसली होती. तिला पाहिलं आणि काकांच्या ठेंगूने टोपी पाण्यात भिरकावली. "जा बे लंबू, मी आता इथंच राह्यतो!"

पुढच्या उन्हाळ्यात चांगुणा लग्न होऊन घरात आली. आल्या आल्या तिने विचारलं, "तो खरंच राह्यला का हो?"

"हाव. देवाशप्पथ!" काका म्हणाले.

ही शप्पथ चाळीस वर्षं त्यांच्या घशात अडकून होती. व्याही माणिकराव रोहिणखेडचे. जेल की हॉटेल, यावरून भर मांडवात भांडण होऊन मुलीची सोयरीक मोडता मोडता राहिली, तरी काकांनी तोंड उघडलं नाही.

आणि यंदा शाळेच्या निशिगंधा मॅडमनी बॉम्ब टाकला. "काका, तुमचा सिनेमा सापडला! इंटरनेटवर आहे, शेवटासकट. शाळेत तुमचा सत्कार करू आणि पूर्ण दाखवू." भली बाई, पण काकांचं जेवण उडालं. चाळीस वर्षांची थाप, आणि तीही चांगुणेसमोर उघडी पडणार!

सत्काराच्या दुपारी शाळेचा हॉल गच्च भरला. पहिल्या रांगेत चांगुणाकाकू आणि रोहिणखेडहून आलेले माणिकराव. पडदे ओढले, पांढरी चादर टांगली, काकांना शाल-नारळ दिला. ठेंगू खांबावर आपटायला लागला, पोरं लोळायला लागली, आणि शेवट जवळ येताच काका घाईघाईने उठले.

"लाईट गेली!" असं ओरडून त्यांनी पिन उपटली. ती पंख्याची निघाली. दुसरीकडे धावले, तर नारळ निसटून पायात आला. काका माणिकरावांच्या मांडीवर, माणिकराव खुर्चीसकट मागे, आणि आधाराला धरलेली चादर दांडीसकट काकांच्या डोक्यावर! धडपडत ते उभे राहिले, चादरीत गुरफटलेले, नेमके उजेडाच्या झोतात. सिनेमाचा शेवट त्यांच्या पोटावर दिसला. लंबू आणि ठेंगू दोघंही पळत बोटीत चढले, टोप्या हलवल्या आणि गेले. पेरूवाली एकटीच काठावर राहिली.



"मंग जेल?" जमिनीवरून माणिकराव म्हणाले.

काकांनी चादरीतून डोकं बाहेर काढलं. तोंड पार उतरलेलं. "चांगुणे, खोटं बोललो मी. तो राह्यला नव्हता."

चांगुणाकाकू पदराने डोळे पुसत होत्या, हसून हसून. "मले नवीन सांगता का? मी तिन्ही दिवस आली होती तंबूत. पह्यले दोन दिवस मावशीच्या मागं बसली होती. पह्यल्या दिवशी तुमी त्याले बुडवलं, दुसऱ्या दिवशी साधू केलं."

"मंग इचारलं काऊन?"

"शप्पथ घेताना तुमचं तोंड कसं होते, ते पाह्याचं होतं." त्यांनी चादरीचं टोक सोडवलं आणि काकांचा हात धरला. "तो गेला तर जाऊ द्या. आपला राह्यला ना?"