दुसऱ्याच्या नावाने दिलेलं रक्त

ती केस आठवली की माझ्या डोळ्यांपुढे आधी चहाचा एक कप येतो. एका माणसाने न प्यायलेला चहा. नोकरीत चाकू, काडतुसं, खोट्या नंबरप्लेटी, काय काय पंचनाम्यात लिहिलं. पण सगळ्यात उपयोगी पडलेला पुरावा म्हणाल तर तो कप, आणि तो मी कधी पाहिलासुद्धा नाही. नावं कुणाची सांगणार नाही. माणसं अजून आहेत, त्यांना कशाला त्रास.

मी मूळची नागपूरची. दिल्ली पोलिसांत भरती झाले आणि तेव्हा यमुनेपलीकडच्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होते. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. दारात एक मुलगी उभी, खांद्याला बर्फाची पेटी. आयुर्विम्याचा अर्ज केलेल्या लोकांच्या घरी जाऊन तपासणी करायची, हे तिचं काम. वजन, रक्तदाब, रक्त, लघवी. रोज गाझियाबादहून मेट्रोने यायची.

ड्यूटी ऑफिसर तिला विचारत होता, “कोई मरा है?”

“नहीं जी.”

“कोई लापता है?”

तिने पेटी खांद्यावरून खाली ठेवली. “लापता ही समझिए. मुझे पता नहीं वो कौन है.”

मी तिला आत बोलावलं, पाणी दिलं. आमच्याकडे येणाऱ्या माणसाला आधी पाणी द्यावं. घोट घेता घेता तो ठरवतो की खरं सांगायचं की नाही. या मुलीने सगळं खरं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा.

आमच्याच हद्दीत एका हार्डवेअरच्या दुकानदाराचं घर. तिथे ती तपासणीला गेली. मालकिणीने दार उघडलं, “यही हैं” म्हणून सोफ्यावरच्या माणसाकडे बोट दाखवलं. आधार कार्डावरच्या फोटोत मिशी, सोफ्यावरच्या माणसालाही मिशी. “मैडम, आधार की फोटो में तो मैं भी अपने जैसी नहीं लगती,” ती म्हणाली. मोबाईलवर अर्जदाराचा फोटो काढायचा नियम होता. घरच्यांनी “बाद में भेज देंगे” म्हणून टाळलं आणि तिनेही घाईत सोडून दिलं.

रिपोर्ट आला तो वाईट. दोन्ही किडन्या थकत चालल्या होत्या. लॅबच्या डॉक्टरांनी खात्रीसाठी पुन्हा रक्त घ्यायला पाठवलं, तर हात पुढे करून बसलेला माणूस वेगळाच. हाच घराचा मालक, खरा अर्जदार.

“पहिल्या वेळी कोण होतं, असं विचारलं तर मला हाकलूनच दिलं,” ती म्हणाली. “ऑफिसवाले म्हणतात, अर्ज नामंजूर झाला, फाइल बंद, तू कशाला डोकं लावतेस. पण मैडम, ज्याचं ते रक्त आहे त्याला माहीतच नाही. डॉक्टर म्हणाले, त्याला लवकर दवाखान्यात न्यायला हवं.”

आता बघा, कायद्याने ही तोतयेगिरीची तक्रार. आमचं सगळं शिक्षण गुन्हेगार शोधण्याचं. इथे गुन्हेगार घरी बसलेला होता, पत्त्यासकट. शोधायचा होता तो आजारी माणूस. मी डायरीत नोंद केली आणि तिला म्हटलं, “बेटा, त्या दिवशीचं जे जे आठवतं ते सांग. फालतू वाटलं तरी सांग.”

तिला फारसं काही आठवेना. मग म्हणाली, “एवढंच, की मला त्याची काळजी वाटत होती. रक्त दिल्यावर मालकिणीने चहा-मठरी आणली. त्याने हात लावला नाही. चेहरा उतरलेला होता, मी म्हटलं चहा तरी घ्या. तर म्हणाला, आज चौथ है, चाँद देखके ही कुछ लूँगा.”

आमचे हेड कॉन्स्टेबल दारातच उभे होते. हसू आवरेना त्यांना. “मर्द और करवा चौथ? बीवी से बहुत डरता होगा बेचारा.”

मी हसले नाही. आम्ही बौद्ध, आमच्या घरी उपासतापास नाहीत. पण नागपूरला शेजारच्या काकूंकडे काका-काकू दोघंही संकष्टी करायचे. चंद्र उगवला का ते बघायला गच्चीवर मला पिटाळायचे, आणि मी “निघाला” म्हणून ओरडले की मोदकातला पहिला वाटा माझा. दिल्लीकडे चंद्र बघून जेवायचा उपास बहुतेक बायकांचा. पुरुष माणूस चौथ धरतो, चंद्र बघितल्याशिवाय घोटभर चहाही घेत नाही, म्हणजे हा आपल्याकडचा. कॅलेंडर काढून बघितलं, तर त्या दिवशी संकष्टीच होती.

दुकानदाराला चौकशीला बोलावलं. धिप्पाड माणूस, आवाज दुकानात शोभेल असा. “मैं ही बैठा था जी. लड़की को भरम हुआ है.” बायकोचा जबाब वेगळा घेतला, तीही तेच. बरं, घरात, शेजारीपाजारी त्या मुलीने सांगितलेल्या चेहऱ्याचा कोणी नव्हता. वरची खोली रिकामी होती.

मी चहा मागवला. त्याने दोन घोट घेतल्यावर सहज विचारलं, “भाईसाहब, आपकी पहचान में मराठी आदमी कौन है?”

कप हातातच राहिला. मग तो हळूच टेबलावर ठेवून म्हणाला, “मुझे बंद कर दो मैडम. उसका नाम नहीं लूँगा.”

“क्यों?”

“सरकारी नौकरी है उसकी. मेरे कहने से बैठा था. उसका कोई कसूर नहीं.”

इतकी वर्षं मी लोकांना दुसऱ्यावर ढकलताना बघत आले. हा स्वतःवर ओढून घेत होता. दरडावून हा माणूस बोलणार नव्हता. मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले आणि रिपोर्टमध्ये काय होतं ते सांगितलं. अर्ज नामंजूर झाल्याचं कळलं होतं त्याला, पण रिपोर्ट त्याने पाहिलाच नव्हता. त्याला वाटलं होतं, कंपनीला आपलं पिणं कुठून तरी कळलं.

त्याने टेबलावरचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, “मैं रोज़ शाम को लेता हूँ जी. लिवर का डर था. और वो, न पीता है, न अंडा खाता है, हर महीने व्रत रखता है. मैंने सोचा, इससे साफ़ ख़ून किसका होगा.”

वरच्या खोलीतला जुना भाडेकरू होता तो. मराठवाड्यातला, केंद्र सरकारच्या एका खात्यात. त्याची मुलगी या दुकानदाराचं बोट धरून चालायला शिकलेली. नुकतंच सरकारी क्वार्टर मिळालं म्हणून गेले होते, त्यामुळे दुसऱ्या वेळी दुकानदाराला स्वतःच बसावं लागलं. अशा घरमालकाने “दो मिनट बैठ जा यार” म्हटल्यावर नाही म्हणायला त्याची जीभ रेटली नाही.

दुकानदार स्वतःच आम्हाला घेऊन गेला. मी साध्या साडीत. दार वाजवलं, आतून “कौन?” आलं.

“दादा, उघडा. मी नागपूरची आहे.”

दिल्लीत मराठी ऐकून दार लगेच उघडतं. समोर तोच मिशीवाला. पायावर सूज होती, चपलेच्या पट्ट्याचे वळ उठलेले. मागून त्याची बायको म्हणाली, “बघा ना ताई, मी कधीची म्हणतेय दाखवा डॉक्टरला. म्हणतात, चपलेनेच होतंय.”

मी ओळख सांगितली तसा तो पांढरा पडला. “नोकरी जाईल का ताई?”

“ते मागाहून बघू. आधी बसा.” मी शांतपणे सगळं सांगितलं. बायको पदर तोंडाशी धरून भिंतीला टेकली. दुकानदार उंबऱ्याबाहेरच उभा होता, आत यायची हिंमत होईना.

तेव्हा तो आजारी माणूसच उठला आणि म्हणाला, “भाईसाहब, अंदर आइए. बाहर क्यों खड़े हो? आपने बिठाया, तो पता चला.” मग बायकोकडे वळून, “अगं, चहा टाक त्यांना. साखर जास्त.”

त्याच दिवशी इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, पण फार नाही. औषधं, पथ्य, नियमित तपासणी, एवढ्यावर सांभाळता येईल. आमच्याकडचं म्हणाल तर पॉलिसी निघालीच नव्हती, कोणाचं नुकसान नव्हतं. कंपनीने तक्रार करायची नाही असं लेखी कळवलं. साहेबांनी दोघांना समोर उभं करून कडक समज दिली आणि चौकशी बंद केली. त्या मुलीचं कौतुक करणारं पत्र मात्र मी साहेबांकडून आग्रहाने लिहून घेतलं.

डॉक्टरांनी त्याचा उपास बंद केला. बटाटा, शेंगदाणे, दिवसभर पाण्यावाचून राहणं, सगळं वर्ज्य. त्याचा जीव कासावीस. लहानपणापासूनची चतुर्थी, कशी सोडू? त्यावर त्या दुकानदाराने काढलेला तोडगा मला अजून ऐकू येतो.

“तू मेरी जगह बैठा था ना? अब तेरी जगह मैं बैठूँगा.”

तेव्हापासून हा माणूस दर संकष्टीला उपाशी राहतो. त्या संध्याकाळी बाटली आपोआपच बंद. हळूहळू इतर संध्याकाळींनाही बंद झाली, असं त्याची बायको सांगते.

पोलिसाला शिकवतात, जबाबातलं कामाचं तेवढं ठेवा, बाकीचं गाळा. या केसनंतर मी गाळणं सोडलं. कोण काय खात नाही, कोण कोणासाठी गप्प बसतो, तेही मी लिहून घेऊ लागले. पुढच्या कितीतरी केसमध्ये तेच कामी आलं.

आता निवृत्त झाले. थंडीत दिल्लीत धूर इतका, की चंद्र उगवला तरी दिसत नाही. संकष्टीला त्या दुकानदाराचा फोन हमखास येतो. “मैडम, चाँद निकला?” मी गुडघे धरत धरत गच्चीवर जाते. दिसला तर दिसला, नाही दिसला तर पंचांगातली वेळ बघते आणि सांगते, “निकल आया भाईसाहब. खा लीजिए.”

पलीकडून तो कोणाला तरी मोठ्याने सांगतो, “ले भाई, हो गया तेरा व्रत.” आणि मागून मराठीत हसल्याचा आवाज येतो, “ताईंना म्हणावं, मोदक पाठवतोय.”